संगणकाचे विरजण



परदेशातल्या मराठी मंडळीत एक समज अगदी पक्का आहे. जो माणूस ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’, त्याला कोणताही कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो! खरे म्हणजे आमच्यासारख्यांचा दिवस प्रोग्रॅम लिहिण्यात आणि त्याहून जास्त मीटिंगमध्ये जातो. यंत्राचे झाकण उघडण्याची वेळ वर्षानुवर्षे येत नाही. तरीही गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाची वाटी हातात असताना, कोणीतरी हळूच गाठतेच. “अहो, आमचा कॉम्प्युटर चालूच होत नाही हो. जरा बघता का?”

अशा वेळी आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “चालू होत नाही म्हणजे नक्की काय होते?” बहुतेकांना हा प्रश्न वेळकाढूपणाचा वाटतो. पण डॉक्टर नाही का आधी विचारत, “दुखते म्हणजे नेमके कुठे दुखते?” तसेच हे. कॉम्प्युटर एका झटक्यात जागा होत नाही. तो पायरी पायरीने जागा होतो, आणि कोणत्या पायरीवर अडला ते कळले की अर्धे काम झाले. या पायऱ्या काय असतात आणि गेल्या हिवाळ्यात आमच्याच घरी त्यांचा कसा उपयोग झाला, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी एक कोडे. दही लावायला काय लागते? दूध, आणि चमचाभर दही! म्हणजे दही करायला आधी दही हवे. घरात विरजण संपले की आपली आई शेजारच्या मावशींकडे वाटी घेऊन पाठवते ती याचसाठी. कॉम्प्युटरचेही नेमके असेच आहे. त्याला कोणतेही काम करायला प्रोग्रॅम लागतो. विंडोज, मॅक, लिनक्स या ज्या ऑपरेटिंग सिस्टिम आहेत, तेही प्रोग्रॅमच. ते डिस्कवर झोपलेले असतात. त्यांना डिस्कवरून उचलून मेमरीत आणायचे, तर ते आणायलाही प्रोग्रॅम हवा. आणि वीज बंद झाली की मेमरीची पाटी कोरी होते. मग सकाळी पहिला प्रोग्रॅम कोण आणणार?

इंग्रजीत या प्रकाराला ‘बूटिंग’ म्हणतात. पायातल्या उंच बुटांना मागे एक पट्टी असते, तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला जमिनीवरून वर उचलणे, म्हणजे अशक्य गोष्ट करून दाखवणे, अशी एक जुनी थट्टा आहे. त्यावरून हा शब्द आला. आम्हाला मात्र त्यापेक्षा आपले विरजण अधिक पटते, कारण त्यात अशक्य काही नाही. चमचाभर कोठून तरी मिळाले की पातेलेभर होते.

या विरजणाची एक खरी गोष्ट आहे. १९७५ साली ‘अल्टेअर ८८००’ नावाचा एक छोटा कॉम्प्युटर निघाला. त्याच्यासाठी बिल गेट्स आणि पॉल अॅलन या दोन तरुणांनी बेसिक भाषेचा प्रोग्रॅम लिहिला. तोही खरा अल्टेअर समोर नसताना! प्रोग्रॅम दाखवायला पॉल अॅलन विमानाने न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला निघाले. विमान उतरायला लागले आणि त्यांच्या लक्षात आले की बेसिक बरोबर आहे, पण ते यंत्रात भरणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिला. दूध घेतले, विरजण घरीच! त्यांनी तिथेच बसल्या जागी कागदावर तो छोटा प्रोग्रॅम लिहून काढला. पुढे यंत्राच्या दर्शनी बाजूच्या कळा खालीवर करून तो भरावा लागला, आणि बेसिक चालले. दोन अधिक दोन किती असे विचारल्यावर यंत्राने चार असे उत्तर दिले.

आता अशा कळा खालीवर कराव्या लागत नाहीत. विरजण कारखान्यातच यंत्राच्या आतल्या एका चिपमध्ये घालून ठेवलेले असते. वीज गेली तरी ते पुसले जात नाही. त्याच्या जोरावर यंत्र चार पायऱ्या चढते.

पहिली पायरी विजेची. दिवा लागला पाहिजे, पंख्याचा आवाज आला पाहिजे. तो आला नाही, तर दोष प्लगपासून पॉवर सप्लायपर्यंत कोठेतरी असतो. (आधी प्लग पाहावा. हसू नका, पाहावाच.)

दुसरी पायरी स्वतःच्या तपासणीची. चिपमधला प्रोग्रॅम मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, अशी हजेरी घेतो. काही गैरहजर असेल तर पुष्कळ यंत्रे ठरावीक प्रकारे ‘बीप’ वाजवून सांगतात.

तिसरी पायरी शोधाची. ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या डिस्कवर आहे? जुन्या पद्धतीत यंत्र डिस्कचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचते. ५१२ बाइट म्हणजे किती? युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीने मराठी लिहिले तर एका अक्षराला तीन बाइट लागतात, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजाव्या लागतात. म्हणजे दोन-तीन ओळींची चिठ्ठी! त्या चिठ्ठीत पुढचा मोठा प्रोग्रॅम कोठे ठेवला आहे त्याचा पत्ता काढण्याची सूचना असते. नव्या पद्धतीत, जिला ‘यूईएफआय’ म्हणतात, चिठ्ठीऐवजी डिस्कवर त्यासाठी एक छोटा वेगळा कप्पाच राखून ठेवलेला असतो.

चौथी पायरी खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमची. चित्र दिसते, गोल फिरते आणि मग आपले नाव येते. चित्र दिसून पुन्हा पडदा काळा किंवा निळा होत असेल, तर अडचण या शेवटच्या पायरीवर आहे.

आता आमच्या घरची हकीकत. गेल्या हिवाळ्यात एका हिमवादळात आमच्या न्यू जर्सीतल्या वस्तीची वीज रात्रभर गेली होती. दुसऱ्या दिवशी ती आली, फ्रीज सुरू झाला, हीटर सुरू झाला, पण तळघरातला जुना कॉम्प्युटर काही उठेना. पंखा फिरत होता, एक बीपही वाजला, आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली. तिचा अर्थ, ‘जिच्यावरून सुरू होता येईल अशी डिस्क सापडत नाही.’

तो कॉम्प्युटर दहा वर्षांहून जुना. आमचे दोघांचे काम लॅपटॉपवर चालते. फोटो आणि महत्त्वाचे कागद यांच्या प्रती दुसरीकडे होत्या. तेव्हा आम्ही म्हटले, “चला, या म्हाताऱ्याला आता निरोप देऊ या.” हे ऐकून आमची मोठी मुलगी, जी आपल्या शाळेत वरच्या वर्गात आहे, एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “बाबा, त्याच्यात आजी आहे.”

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, चार वर्षांपूर्वी शाळेत गृहपाठ होता, ‘घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्या.’ तेव्हा आमच्या मुलांची आजी वाईहून सहा महिन्यांसाठी आली होती. मुलांनी तळघरात मायक्रोफोन लावून तिची मुलाखत घेतली. ती बाईंना दिली, पुण्याला आत्याला पाठवली, सगळ्यांनी कौतुक केले. पण गृहपाठ संपल्यावरही आजी आणि नातवंडे रोज दुपारी खाली जाऊन बसत होती, हे आम्हाला माहीत नव्हते. आम्ही दोघे त्या वेळी कामावर असायचो. मुलांनी आपल्या मनाने आजीच्या आणखी पुष्कळ गोष्टी मुद्रित केल्या आणि एका आतल्या फोल्डरात ठेवल्या. ते त्या तिघांचे गुपित होते. आजी परत गेली, आणि पुढच्या वर्षी ती आपल्यातून गेली.

त्या दिवसापासून तो कॉम्प्युटर म्हणजे आमच्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू झाली.

ओळखीच्यांनी सल्ले दिले. दोघांनी सांगितले, “फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाका, अर्ध्या तासात सुरू होईल.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. यंत्र सुरू झाले असते. पण फॉरमॅट करणे म्हणजे डिस्कवरची सगळी मांडणी पुसून नवी मांडणे. घराचे कुलूप उघडत नाही म्हणून घर पाडून नवे बांधण्यासारखेच ते. मुलांना आम्ही हे सांगितले तेव्हा धाकटा घाबरून म्हणाला, “मग कशालाच हात लावू नका!” ते मात्र अगदी बरोबर होते. निदान पहिल्या दिवशी तरी.

त्या संध्याकाळी जेवताना आम्ही मुलांना एका दूरच्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगितली. ४ जानेवारी २००४ रोजी नासाची ‘स्पिरिट’ नावाची सहा चाकांची गाडी मंगळावर उतरली. अडीच आठवडे काम छान चालले. २१ जानेवारीला तिचे बोलणे एकदम बिघडले. कधी नुसता बीप, कधी अर्धवट काहीतरी. कॅलिफोर्नियात पॅसाडेना येथे जेट प्रपल्शन लॅबोरेटरी आहे, तिथले इंजिनियर चक्रावून गेले. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की गाडीवरचा कॉम्प्युटर सुरू होतो, मध्येच कोलमडतो आणि पुन्हा सुरू होऊ पाहतो. असे साठाहून अधिक वेळा झाले होते! रात्री झोपायचे सोडून ती जागीच राहत होती आणि बॅटरी उतरत चालली होती. अंतर सतरा कोटी किलोमीटरहून जास्त. इथून पाठवलेला निरोप पोचायला दहा मिनिटांच्या आसपास लागायची. झाकण उघडून पाहायला तिथे कोण जाणार?

कारण असे निघाले. गाडीवर फ्लॅश मेमरी होती, आपल्या पेन ड्राइव्हमध्ये असते तशी. तिच्यात फायलींची फार गर्दी झाली होती. सुरू होताना कॉम्प्युटर त्या सगळ्यांची यादी करायला जाई, यादीला जागा पुरत नसे, तो कोलमडे आणि पहिल्यापासून तेच पुन्हा करी. इंजिनियरांनी त्याला निरोप पाठवला की या वेळी फ्लॅशकडे बघूच नकोस, तिच्याशिवाय सुरू हो. या अवस्थेला त्यांनी ‘पांगळी’ असेच नाव दिले होते. पांगळी तर पांगळी, पण गाडी शांतपणे सुरू झाली आणि बोलू लागली. मग त्यांनी नको त्या फायली काढल्या, आणि अगदी शेवटी, सगळे नीट समजल्यावर, फ्लॅश फॉरमॅट केली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्पिरिट कामाला लागली. नव्वद मंगळी दिवसांसाठी बनवलेली ती गाडी सहा वर्षे चालली. तिचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजी आला.

मोठी म्हणाली, “म्हणजे आपणही आपल्या डिस्कशिवाय सुरू करून बघायचे?” आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. हेच तर करायचे होते!

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅपटॉपवर एक पेन ड्राइव्ह तयार केला. त्याच्यात लिनक्स ही मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. ती डिस्कवर काहीही न लिहिता नुसत्या पेन ड्राइव्हवरून चालू शकते. विरजणाची वाटी शेजारून आणली म्हणा ना! तो लावून जुना कॉम्प्युटर सुरू केला, आणि पाच मिनिटांत पडद्यावर चित्र आले. म्हणजे पहिली पायरी ठीक, दुसरी ठीक. डिस्क दिसते का? दिसत होती! ती आम्ही ‘फक्त वाचण्यापुरती’ उघडली, म्हणजे चुकून काही पुसले जायला नको. धाकट्याने माउस हातात घेऊन फोल्डरात फोल्डर उघडत नेले. शेवटच्या फोल्डरचे नाव त्याने इंग्रजी अक्षरांत ‘आजी’ असे लिहिले होते. आत ३७ फायली होत्या. आधी त्या सगळ्या एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. मगच दुरुस्तीकडे वळलो.

बिघाड काय होता, तो धाकट्यानेच पकडला. सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर त्याला तारीख दिसली, १ जानेवारी २०१२. “बाबा, याला आज कोणता दिवस आहे तेच माहीत नाही!” कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. भिंतीतली वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे आणि काही छोट्या नोंदी लक्षात ठेवणे हे तिचे काम. कोणत्या डिस्कवरून आणि कोणत्या पद्धतीने उठायचे, ही नोंद त्यातलीच. आमच्या यंत्रातली बॅटरी वयोमानाने संपली होती. इतके दिवस प्लग लावलेला होता म्हणून ते कळले नाही. वादळात रात्रभर वीज गेली आणि सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. आमची डिस्क जुन्या पद्धतीची, म्हणजे चिठ्ठीवाली. यंत्र मात्र सारे विसरून नव्या पद्धतीचा कप्पा शोधत बसले होते. डिस्क जागच्या जागी धडधाकट होती!

बॅटरीचा क्रमांक सीआर २०३२. मुलांनो, या क्रमांकातच तिचे माप आहे. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. औषधांच्या दुकानातसुद्धा मिळते. प्लग काढून, झाकण उघडून आम्ही ती बदलली, तारीख लावली, ‘जुन्या पद्धतीने ऊठ’ ही नोंद पुन्हा केली. कॉम्प्युटर नेहमीसारखा उठला. (पालकांना एक सूचना. या नाण्यासारख्या बॅटऱ्या लहान मुलांच्या पोटात गेल्यास फार धोकादायक असतात. जुनी बॅटरी लगेच त्यांच्या हाताबाहेर ठेवावी.)

मग आम्ही चौघे तळघरातल्या गालिच्यावर बसलो आणि पहिली फाईल लावली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आजीचा आवाज, “सुरू झालं का रे ते?” आणि दोघांचे हसणे. पुढची फाईल लावली. तिच्यातही पहिले वाक्य तेच, “सुरू झालं का रे ते?” ३७ पैकी बहुतेक फायली अशाच सुरू होतात. त्यांत कृष्णेच्या घाटावरच्या गोष्टी आहेत, घरात विजेचा पहिला दिवा लागला त्या रात्रीची गोष्ट आहे, मुलांची मराठी वाक्ये आजीने न रागावता दुरुस्त केलेली आहेत. आम्हा दोघांना ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी आजीने नातवंडांना सांगून ठेवल्या होत्या.

मंडळी, कॉम्प्युटर न उठणे ही काही एकट्यादुकट्याच्या घरची गोष्ट नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एका दिवसात कोलमडले. विमाने थांबली, इस्पितळांची कामे अडली. यंत्रे चौथ्या पायरीवर अडत होती आणि पुन्हा पुन्हा पहिलीवर येत होती, अगदी स्पिरिटसारखी. उपायही त्याच जातीचा होता. यंत्र ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे कमीत कमी सामान घेऊन सुरू करायचे आणि ती एक फाईल काढून टाकायची. पण पुष्कळ ठिकाणी हे एकेका यंत्रापाशी माणसाने बसून हातांनी करावे लागले. शिवाय ज्या यंत्रांच्या डिस्कना कुलूप होते, तिथे आधी किल्ली शोधावी लागली.

त्यावरून पालकांना एक काम सुचवतो. अलीकडच्या अनेक विंडोज कॉम्प्युटरांच्या डिस्कना ‘बिटलॉकर’चे कुलूप असते, आणि त्याची ४८ आकडी किल्ली असते. यंत्र चांगले चालत असतानाच ती शोधून कागदावर लिहून ठेवा. कुलूप असलेली डिस्क आम्ही उघडली तशी नुसत्या पेन ड्राइव्हने वाचता येणार नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी दुसरे काम. दही संपवण्याआधी घरातले मोठे माणूस चमचाभर बाजूला काढून ठेवते, तसे तुमच्या फायलींचे करा. तुम्ही मुद्रित केलेले, लिहिलेले, काढलेले जे तुम्हाला जिवापाड आवडते, त्याची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा, आणि ती कोठे आहे हे घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला सांगा. गुपित असले तरी सांगा. गुपिताच्या आत काय आहे ते सांगायची गरज नाही, फक्त जागा सांगा!

आजीच्या गोष्टींच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत. एक आमच्या घरी, एक पुण्याला आत्याकडे, आणि एक शाळेच्या बाईंकडे. घाटावरची गोष्ट छोटी आहे, सात मिनिटांची. बाईंनी ती पुढच्या महिन्यात वर्गात ऐकवायचे कबूल केले आहे. त्यानंतर प्रत्येकाने आपापल्या आजी-आजोबांना फोन करून त्यांच्या गावच्या नदीची एक गोष्ट विचारून यायची आहे. गोष्ट मुद्रित करण्यापूर्वी यंत्र सुरू झाले आहे ना, ते जरूर पाहा.